तीन प्लेटांचा देखावा

माझ्या बायकोने माझ्या नकळत माझ्या कॅमेऱ्याला हात लावायला नेमकी कधी सुरुवात केली, ते पुढे तिलाही सांगता आलं नाही. त्या उन्हाळ्यात कधीतरी, एवढंच ती म्हणाली.

गोष्ट साठच्या आसपासची. आम्ही मद्रासला मैलापुरात राहत होतो. खाली रस्त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: आई, बायको आणि मी. घराणं तंजावरचं. आमची मराठी ऐकली की मुंबईहून बदली होऊन आलेले बँकवाले गालात हसायचे. निम्म्या वाक्यात तमिळ, उरलेल्यात आजोबांच्या काळचे शब्द. पण आमचं भांडण, प्रेम, हिशेबाची कुरकुर सगळं त्याच भाषेत व्हायचं आणि त्यात काही अडत नव्हतं.

स्टुडिओ वडिलांनी काढलेला. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. पोट भरायचं ते मुंजी, लग्नं आणि मुलगी दाखवण्यासाठी काढलेल्या फोटोंवर. माझा जीव मात्र देखाव्यांत. त्यासाठी अप्पांचा जुना लाकडी कॅमेरा होता. त्याचा भाता चामड्याचा, आणि पुढची भिंग बसवलेली पाटी हलती. ती डावी-उजवीकडे सरकायची, वर-खाली व्हायची, पुढे झुकायचीही. लांबलचक देखावा घ्यायचा असेल तर बरेच जण कॅमेराच फिरवत आणि तीन फोटो जोडत. पण तसं केलं की क्षितिजाची रेघ जोडावर मोडते. मी कॅमेरा जागचा हलवत नसे. फक्त भिंग सरकवायचो: एक प्लेट डावीकडची, एक मधली, एक उजवीकडची. तिन्ही छापून शेजारी शेजारी चिकटवल्या की समुद्राची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावायची. आणि भिंग जरासं पुढे झुकवलं तर पायाजवळचं गवत आणि मैलांवरची ताडाची झाडं दोन्ही सारखीच स्पष्ट यायची. ते झुकवणं किती, हे कुठे लिहिलेलं नसतं. मागच्या दुधी काचेवर उलटं चित्र उमटतं. डोक्यावर काळं कापड घेऊन, डोळ्याला बारीक भिंग लावून ते बघत बसायचं. केसभर चुकलं की मधला सगळा भाग पुसट.

बायको लग्नाआधी हे काही जाणत नव्हती. दहा वर्षांत ती डार्करूममध्ये माझ्यापेक्षा हुशार झाली. देखाव्याला जाताना पेटी मी उचलायचो, प्लेटांची पिशवी ती. मी काचेवर चित्र बसवून कापडाखालून बाहेर आलो की ती प्लेट आत सरकवायची. आमची कामं अशी वाटलेली होती.

त्या वर्षी गिंडीला नवीन कारखाने उभे राहत होते. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचे मॅनेजर स्टुडिओत आले. मुलीचा फोटो घ्यायला आले होते, पण भिंतीवरचा अडयार नदीच्या मुखाचा माझा लांब देखावा बघून थांबले.

"असाच एक मला हवा," ते म्हणाले. "परंगीमलैच्या टेकडीवरून. आमची शेड, रेल्वे, मागे रान, तळी, पार समुद्रापर्यंत. आज जे दिसतं ते दहा वर्षांनी दिसणार नाही. ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावणार आहोत."

भिंत केवढी, ते त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. तेवढं मोठं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं. घाई नव्हती. पाऊस सरल्यावर, मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते, तेव्हा घ्यायचं ठरलं. तोवर मी दर रविवारी टेकडीवर जाऊन जागा, उजेड, झुकाव सगळं अजमावत राहायचं ठरवलं.

आणि मला दिव्यांभोवती कडी दिसत होती.

ती आधीच्या वर्षीच सुरू झाली होती. संध्याकाळी कच्चेरी रोडवरचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती सप्तरंगी कंकण. कापडाखाली जास्त वेळ बसलो की डाव्या डोळ्यावर धुरकट यायचं आणि बाहेर आल्यावर भुवईच्या वर ठणकायचं. थोड्या वेळाने सगळं निवळायचं. मला याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. मी शाळेत असताना अप्पा गॅलरीत उभे राहून आईला म्हणायचे, "आज दिव्याला केवढं कंकण पडलंय बघ." आई म्हणायची, "मला नाही दिसत." पुढे त्यांचे दोन्ही डोळे गेले. शेवटची सात-आठ वर्षं मी त्यांचा हात धरून त्यांना देवळात नेत होतो.

तरी मी कुणाला बोललो नाही. डॉक्टरकडे गेलो तर तो पहिल्यांदा कॅमेरा सोडायला सांगणार, ही भीती होती. मार्गळी होऊन जाऊ दे, मग बघू, असं मनाशी म्हणायचो. शिवाय फोटो चांगले येत होते. तोच माझा मोठा पुरावा होता. रविवारी टेकडीवर काढलेली प्लेट सोमवारी धुतली की गवताचं पातं न् पातं दिसायचं. डोळे बिघडले असते तर हे आलं असतं का?

आवणी महिन्यात, तिकडच्या लग्नसराईत, बायकोच्या भावाचं लग्न निघालं. ती पंधरा दिवस आधीच तंजावरला गेली. मी स्टुडिओ सोडून लग्नापुरताच जाऊन येणार होतो. मधल्या रविवारी मी एकटाच टेकडीवर गेलो. पायथ्याच्या चहावाल्याने पेटी वर आणून दिली. हवा छान होती. मी नेहमीसारखं भिंग झुकवलं, काच बघितली, तीन प्लेटा घेतल्या.

दुसऱ्या दिवशी धुतल्या तर तिन्ही पुसट. पुढचं गवत ठीक, आणि त्यामागे सगळं दह्यात बुडवल्यासारखं.

मला पहिल्यांदा राग आला तो भिंगाचा. चहावाल्याने पेटी आपटली असणार. माउंट रोडला दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे भिंग नेलं. त्याने उजेडात फिरवून फिरवून पाहिलं आणि परत दिलं. "भिंगाला काही झालेलं नाही, सार." मी पुढच्या रविवारी परत गेलो. परत तेच.

लग्न आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा मी तिला प्लेटा दाखवल्या. ती दाराजवळच्या उजेडात उभी राहून एकेक प्लेट बघत होती. बराच वेळ बघत होती.

"भाता कुठे फाटलाय का, बघायला हवं," मी म्हणालो.

"भाता फाटलेला नाही."

"मग?"

तिने प्लेटा खाली ठेवल्या. "तुम्ही बाहेर आलात की मी मागची काच मागेपुढे हलवते," ती म्हणाली. "थोडीशी. प्लेट घालायच्या आधी."

मला समजलंच नाही.

"तुम्ही बसवलेलं नीट नसतं. आधी कधी तरी असायचं, आता नेहमीच. तुम्ही आकाशाकडे बघत उभे असता, तेवढ्यात मी कापडाखाली डोकं घालते आणि नीट करते."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून असेल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. पहिल्या वेळी सांगणारच होते. पण ती प्लेट धुतल्यावर तुम्ही इतके खूश झालात. म्हणालात, हात अजून शाबूत आहे माझा. मग कसं सांगणार?"

ती रडायला लागली. मी तिच्यावर ओरडलो नाही. ओरडायला तोंडच नव्हतं, पण ते तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, मी समजूतदारपणे गप्प आहे.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर मध्यमवयीन, मोजकं बोलणारे होते. त्यांनी थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत नेलं, डोळ्यावर बोट ठेवून दाब पाहिला, मग कसल्याशा यंत्राने पाहिला.

"काम काय करता?"

"फोटोग्राफर आहे."

"डार्करूम?"

"हो. आणि काळ्या कापडाखाली बसावं लागतं. काच बघायला."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "काचबिंदू आहे. अंधारात बाहुली मोठी होते. तुमच्यासारख्या डोळ्यांत तेव्हा आतलं पाणी अडतं आणि दाब चढतो. म्हणजे तुम्ही रोज उठून डोळ्यांना तेच करत होता." डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. त्याची नस सुकली होती. उजव्याचं ऑपरेशन लगेच केलं तर तो टिकेल असं ते म्हणाले. मग, बहुतेक सहजच, पुढे म्हणाले, "चार-सहा महिने आधी आला असता तर दोन्हींचं काही करता आलं असतं."

बायको माझ्या शेजारी बसली होती. चार-सहा महिने म्हणजे उन्हाळा. तिने मनातल्या मनात मोजलेलं मला तिच्याकडे न बघताही कळलं.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. स्वतःहून, काहीही न लपवता. मी शेजारीच पाटावर बसलो होतो. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याचे डोळे गेले तेव्हा मी अडाणी होते. मला कळलं नाही. तुला कळत होतं. घरधन्याचे डोळे जाताना बघत होतीस आणि वरून झाकत होतीस."

बायको उभीच होती. "हो," एवढंच ती म्हणाली.

तिथे मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी पाणी मागितलं.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. त्या आठवड्यांत बायको डार्करूममध्ये जाईनाशी झाली. कॅमेऱ्याच्या पेटीवरून ती हात लांब ठेवून झाडू मारायची. शनिवार, मंगळवार, एकादशी असे उपास धरले. कपालीश्वराला रोज पहाटे जाऊन यायची. शेजारच्या मामी विचारायला आल्या की आई मोठ्याने उसासा टाकायची आणि ही आत निघून जायची. माझ्याशी ती इतकी जपून वागायची की मला घरात बसवेना. भातातला खडा मला लागू नये म्हणून माझं ताट आधी निवडायची. मी रोज ठरवायचो की आज सांगतो. रोज वाटायचं, ऑपरेशन होऊ दे. खरं सांगायचं तर तिची ती सेवा मला हवीशीही वाटत होती. आजारी माणसाला एक प्रकारचा मान असतो आणि तो मला सोडवत नव्हता.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून मला झोपवून ठेवलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही. बायको दुपारी घरून रसम-भात मऊ करून आणायची आणि चमच्याने भरवायची. वॉर्डात पंख्याचा आवाज आणि कुणाचं तरी कण्हणं. तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा मला जमलं.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"डोळ्यांचं. गेल्या वर्षापासून दिव्यांना कंकण दिसतंय. अप्पांनाही तसंच दिसायचं. मला ठाऊक होतं ते काय असतं."

चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज आला.

"कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणालाच नाही. ते काम हातचं जाईल म्हणून."

मला वाटलं होतं, तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. ती रडेल, कदाचित माझा हात धरेल.

"आई मला बोलल्या तेव्हा तुम्ही तिथेच होतात," ती म्हणाली.

"होतो."

"तेव्हाही ठाऊक होतं."

"होतं."

"आणि पाणी मागितलंत."

तिने उरलेला भात मला भरवला. एकही घास चुकवला नाही, पटापट, वाटी संपवायची असते तसा. तोंड पुसलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आई आली. त्यानंतरही आईच.

आईला मी तिथेच सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर दुसऱ्यांदा अवघड गेलं नाही. आई म्हणाली, "अय्यो." मग, "ती पोर सारखी उपाशी राहत होती रे." सुनेची माफी मागणं आईच्या पिढीला येत नव्हतं. पण मी घरी आलो तेव्हा बघितलं, सकाळची पहिली कॉफी आई स्वतः गाळून बायकोच्या हातात देत होती. तोवर आमच्या घरात पहिला पेला माझा असायचा. बायको तो घ्यायची, "थँक्स" म्हणायची, परक्याला म्हणावं तसं. आईला ते लागायचं, पण ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळायची.

माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. उजवा डोळा टिकला होता. डाव्या बाजूने कुणी आलं की मी दचकायचो. काळं कापड मला कायमचं बंद. काम होणार नाही, असा निरोप मॅनेजरना लिहायला मी बसलो. बायको दारात उभी होती.

"का होणार नाही?" ती म्हणाली.

"कोण बघणार काच?"

"उन्हाळ्यापासून कोण बघत होतं?"

हे ती चढ्या आवाजात म्हणाली. त्याआधी तिने माझ्यावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. मला बरं वाटलं आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली.

मार्गळीतल्या एका सकाळी आम्ही टेकडीवर गेलो. पायऱ्या चढताना ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती. वर वारा होता. खाली रेल्वेची लाइन, नव्या कारखान्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं, त्यापलीकडे गिंडीचं रान, वेळच्चेरीचं तळं, त्याच्यामागे पेरुंगुडीकडची पाणथळ चमकत होती आणि सगळ्यात शेवटी समुद्राची निळी रेघ. मला ते दिसत होतं, पण एका डोळ्याने दिसतं तसं, सपाट, कॅलेंडरावरच्या चित्रासारखं. किती पुढे काय आहे ते सांगता येत नव्हतं.

ती कापडाखाली गेली. मी सवयीने सांगायला लागलो, "झुकाव थोडा जास्त दे. आणखी..."

"थांबा," आतून आवाज आला. "मला बघू द्या."

मी थांबलो. तिने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतला. भिंग मी झुकवायचो त्याहून कमी झुकवलं होतं. मी म्हटलं असतं, चुकतंय. पहिली प्लेट झाली, तिने पाटी मधे सरकवली, दुसरी झाली. तिसरीच्या वेळी सूर्यावर ढगाचा तुकडा आला. ती तशीच कापडाखाली राहिली, ढग जाईपर्यंत. तेवढा वेळ अंधारात तिचे डोळे, असं माझ्या मनात आलं आणि मी म्हणालो, "बाहेर ये. उगाच आत बसू नको."

ती बाहेर आली. केस कपाळाला चिकटले होते. "मला काही होत नाही," ती म्हणाली. पण ढग जाईपर्यंत बाहेर उभी राहिली.

प्लेटा तिनेच धुतल्या, तिनेच छापल्या. जोड मी लावले, एका डोळ्याने, बोटं फिरवून कडा तपासत. मधल्या आणि उजव्या फोटोच्या जोडावर रुळांवर उभा असलेला रेल्वेचा एक डबा अर्धा-अर्धा आला होता, तो इतका बेमालूम बसला की मला स्वतःलाच शोधावा लागला. मी काढलेल्या कुठल्याही देखाव्यापेक्षा तो चांगला होता. हे तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "सरी, बरं, आता चौकटवाल्याकडे न्या."

कारखान्यात आम्ही दोघं घेऊन गेलो. मॅनेजर देखाव्यासमोर बराच वेळ इकडून तिकडे फिरत राहिले. आपली शेड सापडल्यावर लहान मुलासारखे हसले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "नजर असावी तर अशी!"

"ही माझी नाही," मी म्हणालो. "सगळं हिने काढलंय. मला आता नीट दिसत नाही. आधीचेही बरेचसे हिनेच."

ते क्षणभर गोंधळले. मग मोठ्याने हसले आणि तिला म्हणाले, "नशीबवान आहात, बाई. असं म्हणणारा नवरा कुठे मिळतो?" आणि परत माझ्याकडे वळून पुढच्या एका कामाचं बोलायला लागले. बायको खुर्चीच्या कडेला बसून चहाचा कप दोन्ही हातांनी धरून होती. मला वाटत होतं, मी आज काहीतरी चांगलं केलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. सैदापेट गेल्यावर बोलली.

"तिथे ते कशाला सांगितलंत?"

"खरं होतं म्हणून."

"कुणाला बरं वाटावं म्हणून? मला की तुम्हाला?"

ती थांबली नव्हती माझ्या उत्तरासाठी. बाहेर बघत होती. मग म्हणाली, "उद्यापासून मुली दाखवायच्या फोटोंना मी बसते खाली. तुम्ही वर आईंजवळ बसा, दुपारी थेंब घालायचे असतात." म्हणजे दुकान ती सांभाळणार होती. मी हो म्हणालो.

पुढे तिने ते सांभाळलंही, पुष्कळ वर्षं. त्या दिवशी मात्र लुझला बस थांबल्यावर आम्ही उतरलो, तिने वाटेत मुळे आणि कोथिंबीर घेतली, पिशवी माझ्या हातात दिली आणि रस्ता ओलांडताना माझ्या डाव्या बाजूला आली.